मधली पायरी

निघताना आईनं थर्मास हातात दिला आणि दाराच्या कडीकडे बोट दाखवलं.

"तू स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. तो तिथं नाही म्हणालीस, की आज कडी घालते."

आमच्या अर्जांतिएर गावात घरचं माणूस डोंगरावर असेपर्यंत दाराला आतून कडी घालत नाहीत. आमचं दार गेल्या एप्रिलपासून तसंच होतं. बाबा उत्तरेच्या घळीतून स्कीवर उतरायला गेले होते. शोधपथकाला खाली त्यांची एक काठी तेवढी मिळाली.

माझ्याबरोबर बाझिलकाका होते, बाबांचे जुने जोडीदार. घळ म्हणजे दोन काळ्या कड्यांमधली बर्फाची उभी पट्टी. जी उतरायची ती आधी स्की पाठीवर बांधून चढायची, म्हणजे बर्फ कळतो. काका पुढे बुटाच्या टोकानं पायऱ्या ठोकत होते, मी त्यांतच पाय टाकत होते.

"काका, ही पायरी आहे की मजला?"

"बापानं लाडावून ठेवलंय तुला. स्वतःच्या दोन पायऱ्यांमध्ये तुझ्यासाठी एक जास्तीची ठोकायचा. घोडी झालीस तरी ठोकायचा. मी नाही ठोकणार."

निम्म्यावर ढग घळीत शिरला. समोरच्या पायरीपलीकडे काही दिसेना. आवाजही विझले. वरून बर्फाचा भुगा घरंगळत येत होता, पुढे कुणी पाय मारत असलं की येतो तसा.

मग पायऱ्या जवळजवळ येऊ लागल्या. काकांना दया आली असावी. पाय आपोआप पडत गेले, धापही लागेना. उजव्या पायाची प्रत्येक पायरी जराशी बाहेर वळलेली होती. बाबांचा तो पाय एकदा मोडला होता, तेव्हापासून त्यांची तशीच पडायची.

मी मान वर केली नाही.

माथ्यावर मी ढगातून बाहेर आले. वारा पडला होता. दूरवरची शिखरं एकदम उजळली, इतकी, की मी हातातली बर्फाची कुदळ हळूच खाली ठेवली. देवळात ठेवावी तशी.

काका कुठेच नव्हते.

बऱ्याच वेळानं ते आले. खालून.

"पळतेस काय अशी! मी खडकाआड बुटाचे काटे आवळत होतो. हाका मारल्या, तर तू शेजारून निघून गेलीस. आणि ह्या कसल्या पायऱ्या ठोकल्यास गं? मुंगीच्या?"

"मी नाही ठोकल्या."

ते हसले. मग वाकून एका पायरीत पाहत राहिले. त्यांनी टोपी काढली.

पायऱ्या माझ्यापाशी संपल्या नव्हत्या. पुढे आणखी होत्या, कड्याबाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्ज्यावर. त्याखाली नुसती हवा.

मी पाय उचलला होता.

काकांनी पाठीवरची पिशवी धरून मला मागे खेचलं.

"पुरे," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "स्की बांध."

उतरताना त्या पायऱ्या सगळा वेळ डाव्या हाताला होत्या. प्रत्येक वळण मी त्यांच्या अलीकडेच घेतलं. एकही मोडू दिली नाही.

आई दारातच उभी होती.

"दिसला?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि कडीला हात घातला.

"राहू दे," मी म्हणाले. "बाबा अजून चढतायत."