वर वारा किती?

त्यांची पहिली भेट शिंकेनं झाली, आणि तीही पंचावन्न मीटर अंतरावरून.

बांधकामावर त्याचा तो पहिलाच दिवस होता. अंगात केशरी जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वॉकीटॉकी. समोर ती उंच क्रेन, आणि तिच्या माथ्याशी काचेची एवढीशी केबिन. आत कोण आहे ते खालून दिसत नव्हतं. क्रेनला इशारे द्यायचे हे त्याचं काम, म्हणून रीतीप्रमाणे त्यानं बटण दाबून विचारलं, आवाज येतोय का? उत्तराऐवजी शिंक आली. मग दुसरी, तिसरी... अगदी मन मोकळं करणाऱ्या.

"येतोय," शेवटी एका बाईचा आवाज म्हणाला. "तुम्हाला?"

"सगळ्या सातही आल्या."

वर ती हसली – पण बटणावरचं बोट काढून. सगळ्या साइटची वाहिनी एकच होती आणि हसण्याची नोंद कुणी घ्यावी असं तिला वाटत नव्हतं.

तशी तिची नोंद कुणी घेतच नसे. सकाळी सगळ्यांच्या आधी ती शिडी चढायची, डबाही वरच खायची आणि खालची माणसं पांगल्यावर उतरायची. साइटवर तिला 'वरच्या बाई' म्हणत, जणू ती माणूस नसून मजला होती. संध्याकाळी भाड्याची खोली. जिन्यात घरमालकीण भेटली तर "दार हळू लावा" एवढंच बोलणं. रविवारी तर सकाळपासून आवाज वापरायची वेळच यायची नाही, संध्याकाळी मोठ्या बहिणीचा फोन आला की पहिला शब्द खरखरीत निघायचा आणि ताई विचारायची, "झोपली होतीस का गं?" ती हो म्हणायची. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

वॉकीटॉकीवर कामाशिवाय बोलायला बंदी होती. मात्र दर अर्ध्या तासानं वाऱ्याचा वेग विचारायचा, असाही नियम होता. त्यातूनच त्यानं वाट काढली. तो दर दहा मिनिटांनी विचारू लागला.

"वर वारा किती?"

"ताशी बारा. मघाशीही बाराच होता."

"मधल्या वेळात काही... बदल?"

"वाऱ्यात नाही."

हे सगळ्या साइटनं ऐकलं. मग वेल्डर खाकरला आणि म्हणाला की हवामान खात्यातसुद्धा इतकी कळकळीची माणसं नसतील.

झाडं फुलायचे दिवस आले आणि तिच्या शिंकांना ऊत आला. डोळे लाल, नाक बंद. ती डॉक्टरांकडे गेली. परागकण आणि धूळ यांची ॲलर्जी, असं निदान झालं. रोज एक गोळी, गुंगी न आणणारी, ठरल्या वेळी. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कुणालाकुणाला हिनंही झोप येते, म्हणून आधी तीन दिवस जमिनीवर राहून बघायचं, मगच क्रेनवर चढायचं. आणि सोबत दुसरं कुठलंही औषध घ्यायचं झालं तर आधी विचारायचं. तिनं सगळं अक्षरशः पाळलं. तीन दिवस सुट्टी घेतली, गोळी रोज सकाळी दात घासल्याबरोबर.

"शिंका कुठे गेल्या?" ती परतल्यावर त्यानं विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केल्या."

"मला विचारायला हवं होतं. आम्हाला सवय झाली होती."

'आम्हाला' म्हणजे कोणाकोणाला, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी डबा मात्र पुरा संपवला.

मग तो आठ दिवसांच्या रजेवर गेला. कारण काय, ते वाहिनीवर सांगण्यासारखं नसावं. त्याच्या जागी आलेला गृहस्थ घड्याळासारखा होता: अर्ध्या तासाला एकदा वारा, एक शब्द जास्त नाही. चूक काहीच नव्हती त्याची. पण तिसऱ्या दिवसापासून तिची झोप उडाली. एका आवाजाची सवय इतकी खोल जाते, हे तो आवाज बंद झाल्यावर कळतं, आणि तेव्हा सांगायला कुणी नसतं. ती ताईला एवढंच म्हणाली, की झोप लागत नाही, नाकही जरा चोंदलंय.

"अगं, मागे मी विसरून आले त्या सर्दीच्या गोळ्या आहेत ना तुझ्याकडे?" ताई म्हणाली. "घे रात्री एक. मेल्यासारखी झोपशील."

सर्दीची साधी गोळी. ॲलर्जीची वेगळी, ही वेगळी. हिच्याबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं? तिनं घेतली. झोपही लागली, विहिरीत दगड पडावा तशी. पाच रात्री घेतली.

सोमवारी तो परत आला. तिला इतका आनंद झाला की डोक्यातला जडपणा तिनं आनंदाच्याच खाती टाकला.

सळ्यांचा मोठा गठ्ठा उचलायचा होता. त्यानं सांगितलं, वर घ्या. ती "वर" म्हणाली, पण उशिरा. डावीकडे. पुन्हा तोच उशीर, जणू शब्द जिने चढून तिच्यापर्यंत पोचत होते. खाली सहाजण लाकडी साचे बसवत होते. गठ्ठा त्यांच्या दिशेनं सरकत होता.

"वर वारा किती?"

"बारा," ती म्हणाली.

समोरच्या इमारतीवरचं प्लास्टिक फाटेस्तोवर फडफडत होतं. तिनं वेग दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलंच नव्हतं. सवयीनं बोलली होती. काटा अडतीसवर होता.

"थांब," तो म्हणाला.

हा शब्द कुणीही उच्चारला तरी क्रेन थांबलीच पाहिजे. ती थांबली. त्यानं खालची माणसं हलवली, एकेका शब्दानं गठ्ठा मोकळ्या जागेत उतरवून घेतला आणि मग सगळ्या साइटला ऐकू जाईल अशा त्याच वाहिनीवर तिला सांगितलं, खाली या.

एकेक पायरी मोजत ती शिडी उतरली. परवाना जाईल ही भीती होतीच; पण त्याहून जास्त बोचलं ते हे, की साऱ्या जगात जो एक आवाज तिचा होता, त्यानंच तिला चव्हाट्यावर उभं केलं होतं.

"सगळ्यांसमोर उतरवलंत मला," ती म्हणाली.

"हो."

"एकटीला विचारता आलं नसतं?"

"आपली एकटी-दुकटीची वाहिनी कुठाय?" तो म्हणाला. "आणि तुम्ही रुसाल म्हणून मी ते सहाजण तिथेच ठेवायचे होते का?"

तेवढ्यात साइटचे साहेब आले. त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, ते या सांगतील. म्हणजे काही न सांगायची वाटही त्यानं तिच्यासाठी उघडी ठेवली होती... आणि म्हणूनच तिला त्या वाटेनं जाता येईना. तिनं सगळं सांगितलं, सर्दीच्या गोळीसकट. साहेब फार बोलणारे नव्हते. लपवणाऱ्याला मी काढतो, ते म्हणाले, सांगणाऱ्याला विश्रांती देतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही.

दुपारी वाऱ्यामुळे कामच थांबलं. तिनं खोलीवरून दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत तो तिच्यासोबत आला, दोन पावलं मागे राहून. दुकानातल्या काकूंनी दोन्ही पाकिटं उलटून बघितली आणि चष्म्यावरून तिच्याकडे.

"नावं दोन, घराणं एकच," काकू म्हणाल्या. "सर्दीच्या गोळीतही ॲलर्जीचंच औषध असतं, आणि हे जुनं, गुंगीवालं. रात्री घेतलंस तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात ठाण मांडून बसतं. गंमत म्हणजे माणसाला वाटतं, आपण टक्क जागे आहोत. मागे सगळं लिहिलेलं असतं, पण मागचं वाचतं कोण?" सर्दीची गोळी आजपासून बंद, सकाळची एक तेवढी चालू, आणि संध्याकाळी दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवायची, असं त्यांनी बजावलं. मग त्याच्याकडे बघून विचारलं, "हे कोण तुझे?"

दोघांनीही एकदमच गोळ्यांच्या बरण्यांकडे बघितलं.

साइटसमोरच्या बाकावर ती बसली. तोही बसला, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा ठेवून. हेल्मेटशिवाय तो तिला पहिल्यांदाच दिसत होता. कानशिलावर चार पांढरे केस होते. वरून ते कधी कळले नसते.

"का घेत होतात?" त्यानं विचारलं.

"झोप येत नव्हती."

"का?"

खोटं बोलायचं तर आजच्या दिवसात एवढं खरं बोलून झालं होतं...

"आठ दिवस कुणी वारा विचारला नाही," ती म्हणाली. "म्हणजे... विचारला. नियमापुरता."

त्यानं मान डोलावली. जाकिटाची चेन वर केली, खाली केली.

"मावशीनं स्थळ काढलं होतं माझ्यासाठी," तो म्हणाला. "त्यासाठी गेलो होतो."

"मग?" तिनं विचारलं, अगदी सरळ आवाजात.

"मुलगी चांगली होती. हुशार, बोलकी. दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी तीच म्हणाली, तुम्ही माझ्याशी बोलताना सारखे वर का बघता?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटलं.

"काय सांगितलंत तिला?"

"सवय आहे म्हटलं." तो थांबला. "मावशी अजून रागावलीय."

आणि एवढं बोलून झाल्यावर भल्या माणसाची हिंमतच संपली. तो खरोखरच मान वर करून त्या रिकाम्या केबिनकडे बघत बसला, जणू पुढचं वाक्य तिथूनच येणार होतं.

तिनं मधल्या जागेवरून हात पुढे केला. दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि हळू, अगदी हळू खाली आणली.

"इकडे," ती म्हणाली. "मी इकडे आहे."