हंगेरीचं धनुष्य

शाळा सुटली की माझ्यात बोलायचंही त्राण उरत नसे. सकाळी तीन मैल चालत साखरखेर्ड्याला जायचं, चौथीची साठ पोरं सांभाळायची, पुन्हा तीन मैल घरी. बासष्ट सालच्या हिवाळ्यात अशीच एका शनिवारी दुपारी मी उंबऱ्यात पाय पसरून बसले होते… आणि दारात सायकल थांबली.

साखरखेर्ड्याच्या हायस्कूलमधले नवे हस्तकलेचे शिक्षक. इंद्रभान गुरुजी. उंच, तरणे, केसांत लाकडाचा भुसा.

"बाई, तुमच्या इथं बैलाच्या पायातल्या नसा भेटतीन का? धनुष्य बनवून राह्यलो मी. हंगेरी देशातलं. पोटाकून म्हशीचं शिंग, मधात धामणाचं लाकूड, पाठीवर नसा…"

"कोणी धाडलं तुम्हाले?"

"गावात सांगतलं, की तुमचे लोक—"

"आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गुरुजी. धम्म घेतला त्याच दिवशी." मी जागची उठलेही नाही. रागवायलासुद्धा ताकद लागते.

ते कानापर्यंत लाल झाले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून चालतच गेले… तिच्यावर बसायचं त्यांना सुचलंच नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या वाटेवर गाठ पडली. त्यांची मान खालीच.

"भेटल्या का नसा?" मीच विचारलं.

"काढल्या. गावाकडं आमच्या घरचा म्हातारा बैल गेला. मीच सुरी घेतली."

"तुम्ही?"

"हाव. बापानं दोन दिवस घरात घेतलं नाही. इथल्या मालकानं खोली सोडाले लावली."

मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

"हासता काऊन?"

"आता समजलं न, कसं वाटते?"

"थोडंसं…" ते हळूच म्हणाले. "लय थोडंसं."

त्यांच्याजवळचं धनुष्याचं पुस्तक इंग्रजी, आणि त्यांचं इंग्रजी चित्रांपुरतं. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या शाळेच्या ओसरीवर बसून मी वाचून सांगू लागले. ते वाळलेल्या नसा कुटून त्यांचे धागे करत, गरम सरसात बुडवून लाकडावर बसवत. वाचता वाचता माझे डोळे मिटायचे. जाग आली की उन्हाच्या बाजूला त्यांचा कोट टांगलेला असायचा.

"पुढं काय म्हणते पुस्तक?"

"थांबा म्हणते. एक थर वाळल्याबिगर दुसरा लावू नका."

"किती थांबू?"

"महिने लागतात."

"मी धनुष्याचं नाही इचारलं…"

मी घाईनं पान उलटलं. त्या पानावरचं एकही अक्षर मला दिसलं नाही.

वर्ष गेलं. डोणगावला माझ्या बदलीचा हुकूम आला, त्याच आठवड्यात धनुष्य तयार झालं. दोरीशिवाय ते उलटं वळलेलं असतं. त्याला वाकवून दोरी चढवायला दोघं लागतात. त्यांनी गुडघ्यानं जोर दिला, मी फास टोकात अडकवला. कुठं तडा गेला नाही. पण धनुष्याकडे आमच्यापैकी कोणीच पाहत नव्हतं.

"कोकिळा… डोणगावले मीही येऊ का? लग्न करून?"

"मी थकली हाये, इंद्रभान. लपून भेटायचं बळ नाही माझ्यात. इचारायचं असंन तर बाबाले इचारा. आजच. सगळ्यांसमोर."

ते आले. भरल्या आळीतून, माझ्या बरोबरीनं चालत.

बाबांनी, माणिकरावांनी, सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"तुमच्याकून लग्नाले कोण येईन?"

"कोणीच नाही. मी एकटाच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारात जमलेल्या आळीकडे.

"मंग आमच्यातले अर्धे," ते म्हणाले, "तुमच्या बाजूनं उभे राहतीन."