मनकर्णाचा खुंटा

राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण तापीच्या पात्रातला कायदा काही बदलला नाही. पूर ओसरला की ज्याचा खुंटा गाळात आधी, त्या सालची टरबुजाची वाडी त्याची. मनकर्णाला ती वाडी हवीच होती. घरात लेकरं होती, आणि नवरा उखर्डू गेल्या साली ह्याच गाळात गेला होता. मढंसुद्धा हाती लागलं नव्हतं.

खुंटा खांद्यावर घेऊन ती पात्रात उतरली, तेव्हा दीर सुपडू काठावरच बसला होता. त्याचाही खुंटा शेजारी पडलेला.

"वहिनी, काय करू राहिली? वरती नुसता पापुद्रा वाळलाय. सकाळी बकरी सोडून पाह्यली, पोटापर्यंत गेली."

"मंग तू बस बकरीजवळ," मनकर्णा म्हणाली. "बाईनं खुंटा ठोकायचा नाही, असं तापीमाय बोलली का तुला?"

गाळ पारखायची रीत उखर्डूनंच तिला शिकवली होती. पुढं काठी आपटायची. ठण् वाजलं तर पाय टाकायचा, भद् वाजलं तर मुकाट मागं फिरायचं.

तिनं काठी आपटली. ठण्. पाय टाकला. पुन्हा ठण्. सुपडू मेला भित्रा, ती मनात म्हणाली. ऊन पाठीवर होतं, वाळक्या चिखलाचा कुबट वास येत होता. निम्म्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आवाज जरा उशिरानं येतोय. काठी टेकून झाली की मग ठण्. तिनं काठी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

तरी वाजलं. पायाखालून.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मागं फिरेल ती मनकर्णा कसली! "वाजव किती वाजवायचं ते," ती मोठ्यानं म्हणाली, आणि वाडीच्या जागी जाऊन तिनं दगडानं खुंटा ठोकला.

परतायला वळली अन् थबकली. तिची पावलं रुतलीच नव्हती. प्रत्येक पावलाच्या जागी गाळ वर उठला होता, खालून कुणी पायाचा तळवा लावून धरावा तसा. मोठा, पुरुषी तळवा. उजव्या पायाला करंगळी नव्हती. उखर्डूची करंगळी केळीच्या बागेत कोयत्यानं गेली होती.

तिच्यासमोर एक नवा ठसा वर आला. त्याची बोटं काठाकडे नव्हती. नदीच्या धारेकडे होती.

मग तिचं डोकंच फिरलं.

"तिकडं नाही!" तिनं काठी आपटली. "सालभर एकटीनं ओढलंय मी. तिकडं येत नसते! घर इकडं आहे, इकडं! लेकरं इकडं आहेत!"

मग तो ठसा विरला, आणि दुसरा उठला. काठाकडे.

सुपडू तोंड वासून बघत राहिला. "वाडी माझी," एवढंच त्याला ऐकवून ती घरी गेली.

सकाळी अंगण झाडायला म्हणून तिनं दार उघडलं. काल सारवलेली जमीन वाळून कडक झाली होती. फाटकापासून दारापर्यंत ती जागोजागी फुगून आली होती. शेवटचं पाऊल उंबऱ्याच्या आत होतं, चार बोटांचं, लेकरांच्या गोधडीकडे तोंड करून.