बोट उभी राहिली तरी

“सगळ्यात आधी मी उतरणार,” सगळे ज्याला भोंगा म्हणत त्या पोरानं अख्ख्या बोटीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. बेटाजवळ पहाटेच नांगर पडला होता. पण त्याची आई खालच्या खोलीत सकाळपासून ओकत होती, आणि तिच्याशिवाय उतरणार कोण? ताई आणि ढवळ्या ही तिची भाचरं उशाशी बसली होती.

बोटीवरच्या डॉक्टरांनी दारातूनच निदान केलं. “बोट लागलीये. गोळी द्या, झोपू द्या.” आणि ते गेलेही.

“मावशीला बोट लागलेली नाही,” ढवळ्या म्हणाला.

“तू कधी डॉक्टर झालास?” भोंगा म्हणाला.

ढवळ्याला हे नाव फुकट मिळालं नव्हतं. बस, रिक्षा, जत्रेतला पाळणा, त्याला सगळंच लागायचं, पोटात ढवळायचं आणि सगळे हसायचे.

“काल मी दिवसभर ओकलो, मावशी ठणठणीत होती. बोट उभी राहिली तसा मी बरा झालो, आणि ती पडली. असं उलटं कसं होईल?” तो मावशीकडे वळला. “मावशी, खोली फिरतेय का?”

“नाही रे. डोकं फुटतंय.”

“माझंही दुखतंय मघापासून,” ताई हळूच म्हणाली.

ढवळ्यानं वर पाहिलं. छतातल्या हवेच्या जाळीतून धुराचा वास येत होता. “आधी हिला बाहेर काढा.”

चादरीवर घालून तिघांनी तिला डेकवर ओढत आणलं. ती हाकेला ओ देत नव्हती. ताई तिला वारा घालत बसली, दोघे पोरगे वासाच्या मागावर धावले.

बोट उभी राहिल्यापासून मागच्या डेकवर जनरेटर धडधडत होता. वरच्या पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून खलाशांनी त्यावर ताडपत्री टाकली होती. आत कोंडलेला धूर शेजारच्या जाळीतून थेट खालच्या खोल्यांत जात होता.

“बंद करा! खाली माणसं मरताहेत!” भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कामी आला. कप्तान धावत आले. जनरेटर थांबला, एकेक दार उघडलं गेलं.

मावशीनं डोळे उघडून पाणी मागितलं. शेजारच्या खोलीतले आजोबा मात्र शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टर त्यांच्या नाकाशी प्राणवायूची नळी धरून बसले होते.

“पोरा, मी दारातून आत यायला हवं होतं,” ते ढवळ्याला म्हणाले. कप्तानांनी त्याची पाठ थोपटली. ढवळ्याला ती शाबासकी नकोशी वाटली. तो आजोबांकडे बघत राहिला.

नांगर उचलून बोट भरधाव इस्पितळाच्या दिशेनं निघाली, आणि ढवळ्याच्या पोटात ढवळायला लागलं.

भोंग्यानं न हसता पिशवी धरली.