टोपीतला कांदा

१९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून निघालेली सहलीची बस जैसलमेरपलीकडच्या वाळूतल्या लॉजवर पोहोचली. सगळ्यांत खूश होते चोपड्याचे चुडामणआबा. बहात्तराव्या वर्षी ते उंटावर चढले आणि वरूनच म्हणाले, की इथून केळीची राखण झकास होईल.

ऊन लागू नये म्हणून बाहेर निघताना टोपीत कांदा ठेवायची त्यांची जन्माची सवय. उंट उठताना तो कांदा वाळूत पडला. सगळे हसले.

"हसा. ऊन कोनं सगं शे?" आबा म्हणाले. ऊन कोणाचंच सगं नसतं, हे त्यांचं नेहमीचं.

त्यांची मुलगी सुगंधा धुळ्यात, देवपूरला शिक्षिका होती. सोबतच्या बायांसमोर ती कानकोंडी झाली. जेवताना तिने आबांना बजावलं, निदान इथे तरी तो कांदा नको. आबा जेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी किल्ला बघायला गेली. आबा दमले असतील म्हणून सुगंधाने त्यांचं दार वाजवलं नाही. संध्याकाळी सगळे परतले, तेव्हा दहा किलोमीटरवरच्या टेकडीवरून आबांना लॉजच्या जीपने आणलेलं होतं. कानांवरून मफलर घट्ट बांधलेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. जीव दुपारीच गेला.

जळगावात मेहरूणला गुप्तहेरीचं ऑफिस चालवणारा तोताराम सपकाळे त्याच बसमध्ये होता, सोबत त्याचा मित्र भाईदास. सुगंधा रडली नाही. तिने एकच विचारलं, "तोतारामभाऊ, माझ्या बोलण्यामुळे ते कांदा न घेता उन्हात गेले का?"

मॅनेजर गिरधरने ठामपणे सांगितलं, की म्हातारबाबा एक वाजता रागारागाने निघाले. पांढरी टोपी, हातात काठी. अडवलं तरी थांबले नाहीत.

जीपचा ड्रायव्हर पुना सातला उठला होता. आठला पाहुणे आणायला स्टेशनवर गेला. गाडी उशिरा आली, म्हणून परतायला चार वाजले. लॉजची जीप एकच. स्वयंपाकी जीवराम म्हणाला, पहाटे पाचला दोन चहा केले, ते गिरधरने नेले.

आबांच्या खोलीत खुंटीवर टोपी होती. तोतारामने ती उलटी केली. आत नवा, न सोललेला कांदा.

"म्हणजे ताईंच्या बोलण्यावरून ठेवूनच गेले," भाईदास हळहळला.

"टोप्या किती आणल्या होत्या?"

"एकच," सुगंधा म्हणाली.

तोतारामचे डोळे चमकले. त्याने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"कालचा कांदा वाळूत पडला. हा नवा. म्हणजे मुलीचं बोलणं ऐकूनही आबांनी तो टोपीत घातला, किल्ल्यावर नेण्यासाठी. राग असता तर एवढी तयारी कशाला? आणि भाईदास, भर दुपारी कानांवर मफलर कोण बांधतो?"

"थंडी असेल तर," भाईदास म्हणाला, आणि थबकला. "पहाटे!"

"पहाटे. ऊन नव्हतं, म्हणून टोपी खुंटीवर राहिली, आणि पुढे डोकं झाकायला मफलरच उरला. मग गिरधरने एक वाजता टोपी घातलेले आबा पाहिले कसे? खेड्यातला म्हातारा, म्हणजे टोपी असणारच, असं धरून तो बोलला. पुना झोपलेला होता, मग दुसरा चहा कोणाचा? गिरधर, सूर्योदय दाखवायला जीपने तूच नेलंस. आणायला जायच्या वेळी जीप स्टेशनवर पाठवलीस."

गिरधर खाली बसला. मोठ्या पाहुण्यांचा फोन आला होता. वाटलं, जीप परतली की आणू. मग गडबडीत विसरला; चारला जीप दिसली तेव्हा आठवलं.

"म्हातारबाबांनी रात्री जीपमध्ये दोन जागा सांगितल्या होत्या," तो पुटपुटला. "पहाटे एकटेच आले. म्हणाले, पोरगी दमली आहे, झोपू द्या."

पोलिसांना निरोप गेला. सुगंधा आबांना ठेवलेल्या खोलीत गेली. मागून भाईदास निघाला, तर तोतारामने त्याचा हात धरला.

तिचा आवाज बाहेरपर्यंत स्पष्ट आला.

"आबा, मला तुमची लाज नव्हती वाटत. मी कुठून आले ते लोकांना कळेल, याची वाटायची."