भिंतीकडची फांदी

"खोका रिकामा आहे!"

कादंबरीने तो उलटा धरून हलवला... कापसाचा एक पुंजका आणि लाल दोऱ्याचा तुकडा तेवढा गालिच्यावर पडला. तेरा वर्षांच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच मावळलं नाही, ते जागच्या जागी थिजून राहिलं, आणि ते पाहून हिमानीने नजर वळवली. तीन महिने ती या क्षणाला भीत होती. तो टळणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी...

थँक्सगिव्हिंगची सकाळ होती. दाराला मक्याच्या कणसांची माळ लागली होती, पायऱ्यांवर भोपळे मांडले होते, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काल आणलेलं ख्रिसमसचं झाड उभं होतं. मॉरिसव्हिलमध्ये बाकीची घरं झाड उद्या लावणार होती; या घरात मात्र ते आजच, चार वाजता पाहुणे यायच्या आत सजायचं. ही प्रथा प्रणिताची, कादंबरीच्या आईची. दर थँक्सगिव्हिंगला ती कणीक आणि मीठ मळून मुलीचा पंजा त्यात उमटवायची, तो कापून ओव्हनमध्ये वाळवायची, हळदीने रंगवायची, मधोमध कुंकवाचा ठिपका द्यायची आणि भोकातून लाल दोरा ओवायची. पहिल्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत सात हात झाले. आठवा झालाच नाही. त्याआधीच्या वसंतात प्रणिता गेली...

"मावशी, कुठेयत ते?"

दोन वर्षांपूर्वी कादंबरीच्या बाबांशी, निमिषशी, लग्न होऊन हिमानी या घरात आली, तेव्हा ती नुसती 'हिमानी' होती. मग 'हिमानी मावशी' झाली. गेल्या वसंतात कधीतरी नाव गळून नुसतं 'मावशी' उरलं, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत जाताना सिग्नलला गाडी थांबवून ती रडली होती.

"कादंबरी..." तिने एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे शैलजाबाई, तिच्या सासूबाई, मिक्सरमध्ये पुऱ्यांची कणीक मळत होत्या. मिक्सरच्या आवाजात त्यांना इकडचं काही ऐकू गेलं नव्हतं. "माझ्याकडून चूक झाली. जूनमध्ये माळ्यावर फार तापायला लागलं, हात तडकतील म्हणून मी खोका खाली आणला. आणि मग... आवराआवरीत गेले ते."

"गेले म्हणजे?"

"टाकले गेले."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या कामात दशांश चिन्ह सरकलं तरी महिना फुकट जायचा. पण यातलं निम्मं खरं होतं. खोका तिनेच खाली आणला होता, आणि तिनेच तो महालक्ष्म्यांच्या सामानाच्या कपाटात ठेवला होता.

"यू थ्रू हर अवे!" कादंबरी किंचाळली. "माझ्याकडे तिचं दुसरं काय होतं? फोटो तर सगळ्यांचेच असतात! त्यात तिचे हात लागले होते!"

"बाळा, ऐक..."

"डोन्ट टच मी!"

ओरडा ऐकून निमिष बाहेरून आत आला. छपराला दिवे लावता लावता तो शिडीवरून उतरला होता. खांद्यावर तारांचं भेंडोळं तसंच होतं. त्याने रिकामा खोका पाहिला.

"बाबा, तिने मम्माचे हात फेकून दिले."

'तिने'... एका क्षणात 'मावशी'ची 'ती' झाली!

निमिष चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "हिमानी, या घरात तुला फक्त ते एक सांभाळायचं होतं."

तिने मान खाली घातली. आणखी सोळा दिवस! तेरा डिसेंबरला सासूबाईंचं नागपूरचं तिकीट होतं, आणि त्या पुन्हा इतका लांबचा प्रवास करतील असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. सोळा दिवस हा आरोप सोसला की झालं... मग सांगता येईल. की मग सांगूनही उपयोग नसेल? गेलेलं 'मावशी' परत येतं का?

डोळ्यांसमोर ऑगस्टमधली ती संध्याकाळ होती. कामावरून आली तर मागच्या अंगणात सासूबाई बादलीपुढे हात जोडून उभ्या होत्या. बादलीतलं पाणी दुधी झालं होतं, आणि वर अक्षता तरंगत होत्या. मिठाच्या कणकेला पाण्यात विरघळायला किती वेळ लागतो ते तिला विचारावं लागलं नाही. सासूबाई आत वळल्यावर तिने बाही सारून तळाशी हात घातला. एकच तुकडा हाताला लागला...

मिक्सर थांबला. कणकेचे हात पदराला पुसत शैलजाबाई दारात आल्या.

"काहून रडून राहिली माझी पोर? सणासुदीचं?"

कादंबरीने बाहीने डोळे पुसले.

"आणि झाड असं भुंडं काहून ठेवलं? निमिष, तू तारा घेऊन उभा काय राहिला, पाहुणे यायचे न!" त्या झाडापाशी गेल्या, एक फांदी बोटांनी उचलून पाहिली. "मी सांगू? याला फुलोरा टांगा. महालक्ष्म्यांवर टांगतो तसा. वेणी, फणी, करंज्या... कणीक मळलेलीच आहे, तळून देते. प्रणिता किती सुंदर करायची!"

"आई, तुम्ही बसा, मी चहा ठेवते," हिमानी घाईने पुढे झाली.

"थांब वो! पोरीला तिच्या आईचं सांगू दे." त्यांनी कादंबरीला जवळ ओढलं. "तुझ्या आईचा एक फुलोरा राहिला होता, माहीत आहे? महालक्ष्म्यांच्या कपाटात सापडला मला. हळद लावलेला, कुंकू लावलेला, दोरा ओवलेला. इवले इवले हात केले होते, महालक्ष्मीचे!"

हिमानीने डोळे मिटले.

"दुखण्यात विसर्जन राहून गेलं असेल बिचारीचं. देवीची वस्तू अशी खोक्यात पडलेली बरी का? मी रीतसर अक्षता वाहिल्या, पाण्यात सोडला, पाणी झाडाखाली ओतलं. म्हटलं, प्रणिता, तुझं राहिलं होतं ते मी पुरं केलं गं..." त्यांनी कादंबरीच्या केसांवरून हात फिरवला. "माझ्या मांडीवर गेली ती. तिच्यासाठी काहीच करू शकली नाही म्हणून पाच वर्षं रात्रीचा डोळा लागला नाही. त्या दिवसापासून झोप येते मला. हिमानीला विचार."

निमिषच्या खांद्यावरून तारा घसरून खाली पडल्या.

कादंबरी काचेच्या दारातून मागच्या अंगणाकडे पाहत होती. मेपलच्या बुंध्याशी गवताचा परातीएवढा एक वाटोळा तुकडा करपलेला होता. 'इथलंच गवत का मेलं?' असं तिने सप्टेंबरात विचारलं होतं, आणि 'मीठ सांडलं' एवढंच हिमानी म्हणाली होती. मुलीने त्या तुकड्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग हिमानीकडे... हिमानीने फक्त मान हलवली, अगदी थोडी. नको, एवढंच सांगणारी.

कादंबरीने आजीकडे पाहिलं. ती काय बोलेल? तेरा वर्षांच्या जिवाकडून किती अपेक्षा करायची! एक शब्द, आणि त्या म्हातारीची झोप कायमची गेली असती.

"बरं केलंस, आजी," कादंबरी म्हणाली. आवाज फाटला, तरी तिने वाक्य पुरं केलं. "मम्माला... आवडलं असतं."

आणि आजीच्या कणकेचा वास येणाऱ्या हातात तिने आपलं तोंड लपवलं.

"रडू नको, माय. चल, वेणी कशी वळायची ते दाखवते."

"येते. दोन मिनिटं."

शैलजाबाई आत गेल्या. तेलाची कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. दिवाणखान्यात तिघं उभी होती.

हिमानीने कपाटातून आपला जेवणाचा जुना डबा काढला. प्रयोगशाळेत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या बंद भांड्यात तिने तो तुकडा एकवीस दिवस वाळवला होता. कापसात एक अंगठा, दोन बोटं आणि अर्धा तळवा होता. कुंकू धुऊन गेलं होतं, पण मागे काडीने कोरलेली अक्षरं वाचता येत होती: 'कादू, चार वर्षं.'

"एवढाच वाचला," ती म्हणाली. "दाखवला असता, तर बाकीचे कुठे गेले ते सांगावं लागलं असतं."

कादंबरीने तो तळहातावर घेतला. आपली बोटं त्या बोटांवर ठेवून पाहिली... आता तिची पेरभर पुढे जात होती.

"पुढे नको लावायला," अखेर ती कुजबुजली. "आजी ओळखेल."

निमिषने झाड बुंध्याला धरून भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि ते हलू नये म्हणून तसंच धरून ठेवलं. त्याचे डोळे हिमानीवर होते, आणि ते भरून आले होते. कादंबरी मागच्या फटीत शिरली, टाचा उंचावून तिने आत हात घातला. पानांच्या सुया तिच्या मनगटाला ओरबाडत होत्या.

"मावशी," ती आतून म्हणाली, "फांदी धर ना. एका हाताने गाठ बसत नाहीये."