पेगीचा धोंडा

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि रेकॉर्डर तेवढा डोक्यावर उंच धरला होता.

"ओढ्याचं नाव विचारायला आत उतरावं लागत नाही," मी काठावरून म्हटलं.

"उतरलो नाही... घसरलो. पण आता विचारतोच. काय नाव?"

"अल्त दू. म्हणजे काळा ओढा."

"आणि तुमचं?"

"माझं नकाशात लागणार आहे?"

"सांगता येत नाही—"

मी हात दिला. बाहेर आल्यावरही त्याला तो सोडायचं सुचलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

तो लॅक्लन. डोंगर, ओढे, जुन्या वाटा यांची गेलिक, म्हणजे आमच्या जुन्या भाषेतली, नावं, ती सांगणारी माणसं आहेत तोवर, नकाशासाठी ध्वनिमुद्रित करायला आमच्या बेटावर आला होता. मी जिच्याकडे राहायची ती एफीमावशी विणता विणता नावं सांगायची, तो ऐकायचा, आणि मी त्याच्याकडे न बघता चहा ओतायची.

"मार्सली, पोराचा कप केव्हाच भरलाय गं," मावशी सुया न थांबवता म्हणायची.

तिचे गुडघे दुखायचे, म्हणून वाटा दाखवायला मीच जायची. गुरं हाकत नेण्याच्या त्या जुन्या वाटांवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

खिंडीखाली, जिथे अचानक समुद्र दिसतो, तिथे एक मोठा धोंडा आहे.

"याचं नाव?"

"नाही."

"एवढ्या धोंड्याला नाव नाही?"

"सगळ्यांना असतंच का?" मी पुढे चालू लागले. तो जरा थांबला, मग मागे आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो दारात उभा राहिला. बारीक पाऊस होता. केसांतून पाणी ओघळत होतं.

"दुकानात त्या धोंड्याचं नाव कळलं," तो म्हणाला.

माझी कानशिलं तापली. बाबा जहाजावर गेले ते परतलेच नाहीत. आई त्या धोंड्यावर जाऊन बसायची, आणि लोकांनी हसत हसत त्याला तिचं नाव पाडलं होतं.

"नोंदवलंस?"

"नाही. तू सांगितलंस तरच. नाहीतर राहू दे बिननावाचा."

"काम अपुरं राहील तुझं."

"राहू दे."

 मी म्हटलं, "लाव तो रेकॉर्डर."

लाल दिवा लागला. "पेगीचा धोंडा. पेगी माझी आई. लोकांना वाटायचं, ती नवऱ्याची वाट बघते. वाट बघणं तर तिने केव्हाच सोडलं होतं. तिला तिथून समुद्र बघायला आवडायचं... एवढंच. तिला कुणी विचारलंच नाही."

त्याने हळूच रेकॉर्डर बंद केला.

"सकाळी बोट आहे माझी. पुढचं काम शेजारच्या बेटावर. मी परत येईन, मार्सली... तुझ्यासाठीच येईन. वाट बघशील?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"वाट बघणं मला जमायचं नाही," मी म्हटलं. "बोटीत जागा असेल, तर मीच येते. तुलाही एकट्याने ओढे ओलांडणं जमत नाही."

तो काही बोलायच्या आत आतून मावशीचा आवाज आला, "आपल्या मेंढ्या मी बघते, तू जा. आधी त्या पोराला आत घे, भिजतोय."